दोन पिशव्या आणि रफूमावशी

साहेबांचं आणि बाईंचं भांडण झालं तेव्हा रफूमावशी पार्टिशनच्या अलीकडे बसून एका जुन्या झग्याच्या बाहीला अस्तर लावत होती. पार्टिशन प्लायवुडचं, तेही छातीपर्यंत, वर नुसती हवा. पलीकडे कुणी पेन्सिलीला टोक काढलं तरी अलीकडे ऐकू यायचं. आणि ते दोघं काही पेन्सिलीला टोक काढत नव्हते, एकमेकांना सोलत होते.

"अहो, जरा भिंगातून बघा तरी!" बाई म्हणत होत्या. "ही पिशवी अँडीजच्या डोंगरातली, दक्षिण अमेरिकेतली. ही मध्य आशियातल्या माळरानावरची. मध्ये अख्खा महासागर. आणि काठाची गाठ तीच! दोनदा खालून, मग उलटा वळसा, मग स्वतःच्याच पोटातून बाहेर. दुनियेतल्या तिसऱ्या एका पिशवीवर मला ही गाठ दाखवा, मी गप्प बसते."

"म्हणून तर मला ती आवडत नाही," साहेब म्हणाले. "दुनियेत कुठेच नाही, आणि आपल्या एका खोलीत दोनदा! मला वास येतोय."

"वास डांबराच्या गोळ्यांचा येतोय तुम्हाला. डोंगरातल्या त्या लोकांचे पूर्वज आशियातूनच गेले ना? सैबेरिया ओलांडून?"

"गेले की. पंधरा हजार वर्षं झाली असतील, जास्तच. अंगावर कातडी पांघरून गेले. माग डोक्यावर घेऊन नाही गेले. कापड विणायला दोन्हीकडचे लोक पुढे कितीतरी काळाने शिकले, आपापले."

"गाठीला माग लागत नाही."

"आणि गाठ पंधरा हजार वर्षं जशीच्या तशी राहते? तुमच्या आईच्या हातची आमटी तुम्हाला जमते का तशी?"

"माझ्या आईला मध्ये आणू नका!"

साहेब त्या संग्रहालयाचे प्रमुख. बाई त्यांच्या हाताखाली कापडांचा अभ्यास करणाऱ्या. अठरा वर्षं दोघं एका टेबलावर डबा खात आले होते. बाईंना लोणचं चालत नसे, ते साहेब खात. साहेबांना गोड चालत नसे, ते बाई खात. असं माणसांचं जमलेलं, आणि आता दोघांचे आवाज असे की मावशीची सुई बाहीतच थांबली.

मग खुर्ची सरकली आणि पार्टिशनवरून साहेबांचं डोकं दिसलं. चष्मा कपाळावर.

"मावशी, खरं सांगा. या दोन पिशव्यांना तुमची सुई लागली आहे का?"

बाईही उठून उभ्या राहिल्या. दोन डोकी पार्टिशनवर, दोघांची नजर मावशीवर.

"नाही साहेब," मावशी म्हणाली.

एवढंच. हे सांगायला तिला टाका घालायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

लागली होती ना सुई. दोन्ही पिशव्यांना.

मावशी आधी बाजारातल्या एका रफूच्या दुकानात काम करायची. तिथला कायदा एकच: रफू दिसला तर रफूवाल्याची अब्रू गेली. गिऱ्हाईक कोट उजेडात धरून भोक शोधायचं आणि त्याला सापडायचं नाही, तेव्हा मावशीचं पोट भरायचं. संग्रहालयात आली तेव्हा पहिल्याच दिवशी साहेबांनी तिला उलटा कायदा सांगितला. "मावशी, इथे आपण जुनं नवं करत नाही. ते मरणार नाही एवढं बघायचं. तुमचा टाका जवळून बघणाऱ्याला दिसला पाहिजे. आणि प्रत्येक टाक्याचं एक पिवळं कार्ड भरायचं. कुठे फाटलं होतं, कुठला दोरा घातला, कुठली तारीख. कार्ड नाही तर टाका नाही."

मावशीने मान हलवली. मान हलवायला काय जातं. पण वीस वर्षांचा हात तीन महिन्यांत थोडाच ऐकतो? एका दुपारी ड्रॉवरमध्ये नवा पातळ कागद अंथरताना तिला ती डोंगरातली पिशवी दिसली. तळहाताएवढी, तिकडचे लोक चघळायची पानं ठेवायचे तसली. काठाचे तीन धागे सुटून उसवत चालले होते. उसवलेलं दिसलं की मावशीचा हात स्वस्थ बसत नसे. दुसऱ्याच्या घरी पाहुणी गेली तरी उशीच्या अभ्र्याची शिवण ओढून बघायची ती. जेवणाची सुट्टी होती, खोलीत कुणी नव्हतं. तिने पिशवीच्याच आतल्या शिवणीतून दोन बोटं लोकरीचा धागा ओढून काढला, म्हणजे रंगही तोच आणि वयही तेच. काठ भरला, आणि शेवटी घातली आपल्या आईची गाठ. दोनदा खालून, मग उलटा वळसा, मग पोटातून बाहेर. आईने दोन्ही लेकींना ती शिकवली होती. टोक बाहेर राहत नाही, आणि कापड फाटेल पण गाठ सुटत नाही.

कार्ड भरायचं तर आधी विचारायला हवं होतं, आणि विचारलं तर साहेब नको म्हणाले असते. शिवाय मावशीचं शिक्षण तिसरीपर्यंत. एक ओळ लिहायला तिला काठ भरण्याहून जास्त वेळ लागायचा. राहिलं ते राहिलं. पुढच्या वर्षी माळरानावरच्या पिशवीचं तोंड तसंच सुटलेलं दिसलं. ही मिठाची पिशवी, तिकडचे लोक तंबूत टांगून ठेवत. तिलाही तिने तसंच केलं. दोन पिशव्या दोन ड्रॉवरमध्ये. त्या कुणी एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवील असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि बाईंनी ठेवल्या.

आता खरी लाजेची गोष्ट पुढे आहे. भांडणाच्या आधी दोन दिवस बाई भिंगावर वाकून ओरडल्या होत्या, "काय गाठ आहे! काय डोकं चाललं असेल त्या बाईचं!" तेव्हा मावशी घाबरली नाही. तिला आनंद झाला. आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोधड्या शिवल्या, कुणी एका शब्दाने तिच्या हाताचं कौतुक केलं नाही. आणि आज एवढी शिकलेली बाई भिंग लावून तिची गाठ बघतेय, वहीत तिचं चित्र काढतेय. मावशीने खाली मान घालून तो आनंद पुरवून पुरवून खाल्ला. त्या दोन दिवसांत बोलली असती तर थट्टा होऊन विषय संपला असता. पुढे नुसती नोकरीची भीती होती, तिचं माणसाला काही तरी कारण देता येतं. त्या दोन दिवसांचं कारण तिला कधीच कुणाला देता आलं नाही, स्वतःलासुद्धा.

बाईंनी गाठीतला धागा बाहेर तपासायला पाठवला. धागा जुना निघाला. निघणारच, पिशवीतलाच होता तो. मग काय, बाईंचा लेख आला, मग पुस्तक आलं. दोन्ही पिशव्यांना मधल्या दालनात काचेचं एक कपाट मिळालं आणि वर पाटी लागली, की हे दोन मुलूख एकमेकांना ओळखत होते. साहेब तरी म्हणतच राहिले की ही गाठ मागाहूनची आहे. लोक म्हणाले, साहेब जळतात. हाताखालची बाई पुढे गेली म्हणून पोटात दुखतंय. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना साहेबांनी राजीनामा दिला. निरोपाला फार माणसं आली नाहीत. बाई तर आल्याच नाहीत. मावशी शेवटच्या रांगेत उभी होती आणि बोटाला टोचलेली सुई चोखत होती, टोचली नव्हती तरी.

पुस्तकं न्यायला साहेब पुन्हा एकदा आले तेव्हा त्यांच्या कोटाचं कोपर फाटलेलं होतं. घरात बायको नव्हती, ती आधीच गेलेली. "द्या इकडे," मावशी म्हणाली. कोट शिवून ती स्वतः पोचवायला गेली, दोन बस बदलून, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. साहेबांच्या लेकीने चहा दिला आणि म्हणाली, "मावशी, बाबांच्या शर्टांच्या कॉलरी पण गेल्यात हो." झालं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मावशी जायची. शिवलेलं द्यायची, फाटलेलं आणायची. चौदा वर्षं. लेक म्हणायची, "सख्खी बहीण करणार नाही एवढं करता तुम्ही." मावशी म्हणायची, "हाताला सवय असते गं," आणि जिन्याकडे बघायची.

तिथे बसून ती बटणं लावायची आणि साहेब तिला आपली वही वाचून दाखवायचे. मोठी जाड वही. डाव्या पानावर डोंगर, उजव्या पानावर माळरान.

"ऐका मावशी. इकडे घोडा होता. तिकडे घोडा नव्हताच, स्पॅनिश लोक बोटीतून घेऊन गेले तोवर. तिकडे लामा. लामावर माणसाला बसता येत नाही."

"का? चावतो?"

"थुंकतो. पण मुद्दा तो नाही. ओझं घेतो, माणूस घेत नाही. म्हणून इकडची माणसं घर गुंडाळून हिंडायची, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचे तंबू. तिकडच्यांनी डोंगरालाच पायऱ्या खोदल्या आणि शेतं केली. इकडे राजा कोण, तर ज्याचे घोडेस्वार जास्त. तिकडे राजाचे निरोपे पळत जायचे, दगडी रस्त्यांवरून."

"आणि बायका?"

"बायका दोन्हीकडे सूत कातायच्या."

"बसून?"

"कुठलं बसून! चालताना. मेंढरांमागे, पाठीला पोर बांधून."

"मग एकच की हो दोन्हीकडचं."

साहेब खूश होऊन मांडीवर थाप मारायचे. "हेच! हेच मी सांगत होतो! थंडी तीच, लोकर तीच, पोर तेच. माणसाला माणूस भेटायला कशाला पाहिजे? न भेटता सारखी होतात माणसं. ही त्याहून मोठी गोष्ट आहे, मावशी."

मग वहीचं एक पान यायचं आणि आवाज उतरायचा. त्या पानावर दोन्ही बाजूंना फक्त ती गाठ काढलेली.

"इथे माझं अडतं. बाकीचं सगळं न भेटता होईल. ही गाठ नाही होणार. मी आधी म्हणत होतो मागाहूनची आहे. पण तुम्ही नाही म्हणालात." एकदा ते असं म्हणून थांबले आणि तिच्याकडे बघून हसले. "आणि तुम्ही काही खोटं बोलणाऱ्यातल्या नाही. म्हणजे मीच चुकलो असणार. आणि इथे चुकलो असेन तर अख्खी वहीच चुकीची."

त्या दिवशी मावशीने एका शर्टाची वरची दोन बटणं खालीवर लावली. आयुष्यात पहिल्यांदा.

तरी बोलली नाही. का? कारण बाई. बाई वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. मावशीचा नवरा पाच महिने दवाखान्यात होता, तेव्हा बाई एक दिवसाआड येऊन खाटेशी बसायच्या, मावशीला घरी जाऊन अंघोळ करून यायला लावायच्या. तो गेला त्या दिवशी नातेवाईक पोचायच्या आधी बाई पोचल्या. पुस्तकाच्या पहिल्या पानावर बाईंनी आभार मानलेत, त्यात एक ओळ मावशीची आहे: ‘आमच्या रफूमावशींना, ज्यांच्या हातांनी ही कापडं जगवली.’ धाकट्या बहिणीने ती ओळ मोठ्याने वाचली होती.

धाकटी आता मावशीजवळच राहायची. जिभेने तिखट. ती एकदा संग्रहालय बघायला आली, मधल्या दालनात कपाटासमोर उभी राहिली, आणि माहिती सांगणारा माणूस सांगत होता की ही गाठ हजारो वर्षांची, आणि एक साहेब होते, त्यांना ती बघवत नव्हती. लोक हसले. धाकटी हसली नाही. घरी येऊन तिने चपला काढायच्या आधी विचारलं, "ताई, ती आईची गाठ तिथे काय करतेय?"

"गप गं."

"मी कुठे बोलतेय? तो बोलत होता. आपल्या आईला साधी शाळा दाखवली नाही कुणी, आणि तू तिला एकदम हजारो वर्षांची केलीस! जिवंत असती तर म्हणाली असती, मला एवढं म्हातारं का केलं?"

"नोकरी गेली असती माझी."

"तेव्हा गेली असती. आता काय? आता निवृत्त व्हायला महिना राहिला."

"आता बाईंचं काय होईल?"

"आणि त्या म्हाताऱ्याचं? त्याच्या कॉलरी उलटवल्यास की झालं?"

मावशीने पातेलं जरा जोरात ठेवलं.  त्यानंतर गोधडीला टाके घालताना धाकटी मुद्दाम मावशीसमोर बसून ती गाठ घालायची, सावकाश, लहान पोराला दाखवतात तशी.

निवृत्तीला तीन आठवडे राहिले तेव्हा बाई आपल्या कोटाचं सुटलेलं बटण घेऊन आल्या. आता बाईच संग्रहालयाच्या प्रमुख होत्या, केस पांढरे झालेले. बटण लावताना दोघी गप्पा मारत होत्या, मावशीला कुठे फिरायला जायचंय, गुडघ्याला काय लावते. मावशीचं लक्ष बोलण्यात. हाताने आपलं काम केलं आणि शेवटी आपली गाठ घातली.

बाईंचं बोलणं अर्ध्यावर थांबलं.

"मावशी, काय केलंत ते? पुन्हा करा."

मावशीने दोरा दातांनी तोडला. बाईंनी कोट हातात घेतला, चष्मा काढून डोळ्याशी नेला.

"ही तीच गाठ आहे! कपाटातली! मावशी, एवढी वर्षं पिशव्या हाताळून तुमच्या हातात उतरली! तशीच ना?"

किती सोपी वाट होती ती. बाईंनीच झाडून, पाणी शिंपडून दिलेली.

"हो. तसंच असेल," मावशी म्हणाली.

झालं, बाईंना उधाण आलं. पुढच्या आठवड्यात मधल्या दालनाचं नवं प्रदर्शन उघडणार होतं. बाहेरगावचे पाहुणे, वर्तमानपत्रवाले. बाईंनी ठरवलं की मावशीला व्यासपीठावर बसवायचं आणि सगळ्यांसमोर ती गाठ घालायला लावायची. "दोन मुलखांतल्या बायकांची गाठ आज आपल्या मावशींच्या हातात जिवंत आहे, असं मी सांगणार. हाच तुमचा निरोपसमारंभ!" मोठ्या पडद्यावर हात दिसावेत म्हणून कॅमेरा लावणार होते. मावशीला जाड दोरा आणून दिला, लांबून दिसावा म्हणून. लाल.

मावशी तो दोरा घेऊन घरी आली. धाकटीला सांगितलं. धाकटीला चेष्टा सुचली नाही, हे जास्त वाईट झालं. ती फक्त म्हणाली, "ताई, आईच्या हाताने खोटं बोलशील? जिभेने बोललीस ते बोललीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दालनं उघडायच्या आधी मावशी बाईंच्या खोलीत गेली. उभीच राहिली.

"बसा ना मावशी."

"बसून नाही जमणार. बाई, ती गाठ मी पिशवीवरून नाही शिकले. पिशवीवर मी घातलीय. दोन्ही पिशव्यांवर. माझ्या आईची गाठ आहे ती."

बाई हसल्या. मग त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र पुढे निघून गेले.

"धागा जुना होता," त्या म्हणाल्या.

"आतल्या शिवणीतला काढला होता. डाव्या कोपऱ्यात, तळाशी. बघा, तिथे शिवण रिकामी असेल."

बाई उठल्या, किल्ली घेतली, मधल्या दालनात गेल्या. मावशी मागे. बाईंनी कपाट उघडलं, हातमोजे घातले, डोंगरातली पिशवी उलटी केली. डाव्या कोपऱ्यात, तळाशी, दोन बोटं शिवण रिकामी होती. बाईंनी त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. बाहेर झाडूवाल्याने बादली ठेवल्याचा आवाज आला.

"त्यांनी तुम्हाला विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "मी शेजारी उभी होते."

"हो."

"का नाही सांगितलंत? मी तुम्हाला खाऊन टाकलं असतं का?"

"तेव्हा नोकरीची भीती होती. नंतर... तुम्ही माझ्या माणसाच्या खाटेशी बसलात. मग तोंडच उघडेना."

"म्हणजे मी चांगली वागले म्हणून मला मूर्ख ठेवलंत," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि ते माझ्याशी खरं बोलले, त्यांना मी जळकुकडे म्हणाले. चारचौघांत म्हणाले मी, मावशी."

मावशीने खाली बघितलं. फरशी स्वच्छ होती.

बाईंनी ड्रॉवरमधून दोन कोरी पिवळी कार्डं काढली आणि टेबलावर ठेवली. "भरा. आणि त्यांना तुम्ही सांगायचं. माझ्या आधी. मी कुठल्या तोंडाने जाऊ ते मला अजून कळत नाही."

मावशीने दोन्ही कार्डं भरली. कुठे फाटलं होतं, कुठला धागा. तारीख नक्की आठवत नव्हती, म्हणून लिहिलं, ‘सतरा आणि सोळा वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत’. दुपारचे बारा वाजले. बाईंनी सही केली, व्यासपीठाचा कार्यक्रम रद्द केला आणि पुस्तक छापणाऱ्याला पत्र लिहायला बसल्या. वरची पाटी त्याच संध्याकाळी उतरली. मावशीला कार्यालयाने दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यात बाईंचा शब्द होता की नव्हता, हे तिने विचारलं नाही.

पहिला रविवार तीन दिवसांवर होता, पण मावशी थांबली नाही. गुरुवारीच दोन बस बदलून गेली. साहेब खिडकीशी वही घेऊन बसले होते. हात कापतो म्हणून आता पेन्सिलीने लिहायचे.

"अरे, आज कसा रविवार?"

तिने सांगितलं. बाईंना सांगितलं तसंच, उभं राहून. फक्त एक जास्त सांगितलं, ते दोन दिवसांच्या आनंदाचं. ते बाईंना सांगायचं राहिलं होतं, की ठेवलं होतं, देव जाणे.

साहेबांनी सगळं ऐकलं. मग गाठीचं पान काढलं आणि बघत बसले.

"म्हणजे मी बरोबर होतो," ते म्हणाले, जणू दुसऱ्याच कुणाला तरी सांगावं तसे.

"हो साहेब."

"मला वाटलं माझे डोळे गेले. डोकं गेलं. लोक म्हणतात तसा मी खरंच जळतो की काय, असं वाटायचं मला. चौदा वर्षं मी स्वतःला विचारतोय. आणि तुम्ही इथे, या खुर्चीवर बसून माझी बटणं लावत होतात!" आता आवाज चढला. आतून लेक धावत आली. "मी तुम्हाला वाचून दाखवत होतो! मी! तुम्ही विचारायचात, लामा चावतो का! अहो, माझं आयुष्य चावलंत तुम्ही!"

"बाबा, बसा. बाबा."

"हिला सांग, जा म्हणावं."

लेक मावशीकडे बघत राहिली, काय झालंय ते न कळून. मावशीने वाकून नमस्कार करायला हात पुढे केला, साहेबांनी पाय मागे घेतले. ती दाराबाहेर आली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की साहेबांचे तीन शर्ट आणि एक स्वेटर अजून तिच्याकडेच आहेत, गेल्या महिन्यात आणलेले.

"टपालाने पाठव," धाकटी म्हणाली. "नाही तर मी नेऊन देते. तुझं तोंड बघायचं नाही त्यांना."

"त्यांनी तोंड बघायचं नाही म्हटलंय. कपडे नको म्हटलं नाही."

तीन दिवस मावशी ते कपडे घेऊन बसली. निळ्या शर्टाची कॉलर उलटवली. पट्ट्यांच्या शर्टाचं मनगट नवं केलं. स्वेटरच्या काखेतलं भोक भरायला दोरा शोधला तर रंग जुळणारा मिळाला. तो तिने बाजूला ठेवला आणि जरा फिका घेतला. रफू जवळून बघणाऱ्याला दिसेल असा केला. दुकानात असती तर मालकाने हाकलून दिलं असतं.

रविवारी ती नेहमीच्या वेळेला निघाली. दुसऱ्या बसमध्ये खिडकी मिळाली. तिसऱ्या मजल्यावर घंटा वाजवली. लेकीने दार उघडलं, पूर्ण नाही, एक हात चौकटीवर ठेवून.

"बाबा लिहितायत," ती म्हणाली. "गुरुवारपासून दुसरं काही नाही. जेवण पण तिथेच." मग खालच्या आवाजात, "आत येऊ नका, म्हणालेत."

"नाही येत. हे घे." मावशीने कपडे दिले. "निळ्याची कॉलर उलटवलीय, गरम पाण्यात घालू नकोस. स्वेटर वाळत घालताना आडवा घाल, टांगलास तर खांदे ओढले जातील. पट्ट्यांच्याला एक जास्तीचं बटण आतून लावून ठेवलंय."

"बरं."

आतून पेन्सिल खाली पडल्याचा आवाज आला आणि साहेब काहीतरी पुटपुटले. लेकीने मागे वळून बघितलं. दर वेळी ती फाटलेल्या कपड्यांचा गठ्ठा तयार ठेवायची, दाराशेजारच्या खुर्चीवर. खुर्ची रिकामी होती.

"मावशी, पाणी तरी..."

"नको गं. बस चुकेल."

मावशी जिना उतरायला लागली. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यासाठी थांबली, दर वेळी थांबायची तशीच, कठड्याला धरून. मग खाली आली आणि स्टॉपवर रांगेत उभी राहिली.